अपडेट नानांचे सत्तर मार्क

अपडेट नानांच्या घरातलं भांडण ऐकायला आमच्या गल्लीत कुणाला खिडकीशी यावं लागत नसे. ते आपण होऊन घरपोच यायचं. सकाळी चहा ठेवता ठेवता मला कळायचं, की काल आमटीत मीठ जास्त पडलं होतं, नानांनी इसबगोल घेतलं नाही आणि नाशिकच्या मुलीचा फोन आला होता तो जावयाच्या बदलीबद्दल. नाना आणि मालनकाकू भांडकुदळ होते असं मात्र कुणी समजू नये. नानांना ऐकू येत नव्हतं, एवढंच. आणि ही गोष्ट देवळाली प्रवरात नाना सोडून सगळ्यांना माहीत होती.

मी त्यांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहायचे. हायस्कुलात मराठी शिकवते, त्यामुळे ओरडण्याची मला सवय आहे, पण मालनकाकूंपुढे मी कच्चं लिंबू. मूळची ती बाई हळू बोलणारी. नवऱ्यापायी तिला तो गळा कमवावा लागला होता. "अहो, टॉवेल खुंटीवर हाय" हे वाक्य त्या अशा काही म्हणायच्या, की पलीकडच्या आळीतला एखादा माणूसही सवयीनं खुंटीकडे बघायचा.

नानांचं पाळण्यातलं नाव भास्कर. उभी हयात साखर कारखान्यात टर्बाइनजवळ गेली. टर्बाइनचा विषय निघाला, की अजूनही त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसा इतरांचा पहिल्या प्रेमाचं नाव निघाल्यावर होतो. सीझन सुरू झाला की त्या घरघरीत रोज पाळी भरायची, कानात बोळा घालणं हे भित्र्यांचं काम समजायचं, असं तरुणपण गेलं. ज्या यंत्रावर जीव लावला त्यानंच कान नेले. पण प्रेमात पडलेल्या माणसाला तसं सांगून पटत नाही, तसंच हे.

'अपडेट' ही पदवी मात्र रिटायर झाल्यावरची. भेटलेल्या माणसाला "जेवला का?" विचारायची आपली रीत. नाना विचारायचे, "अपडेट केलं का?" आणि उत्तराची वाट न बघता समोरच्याचा मोबाईल हातात घ्यायचे. गल्लीतल्या एका घरी म्हातारे वारले, तिथं नाना सांत्वनाला गेले. थोरल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला, डोळे पुसले आणि त्याचा मोबाईल पाहून म्हणाले, "आरं, ह्याला दोन वर्षं झाली, काहीच केलं न्हाई तू." तो बिचारा रडत होता, त्याला काय कळणार. दुपारभर तो मोबाईल अपडेट होत राहिला आणि पुण्याचे पाहुणे रस्त्यात कुठं अडकलेत, त्यांच्यासाठी थांबायचं की निघायचं, हे कुणालाच कळेना. नानांचं म्हणणं, फोन आता मख्खन चालतोय.

त्यांच्या घरात शिरायचं म्हणजे आधी फाटकावरच्या कॅमेऱ्याची परवानगी. माणूस दिसला की तो बाईच्या आवाजात म्हणायचा, "समोर व्यक्ती आहे." शेळीलाही तेच म्हणायचा. पोळ्याला एकजण बैलजोडी घेऊन दारात नैवेद्याला आला, तेव्हा कॅमेरा म्हणाला, "समोर तीन व्यक्ती आहेत." आम्ही हसलो. नाना गंभीरपणे म्हणाले, "बघा, माणसाला जे आदबीनं वागता येत न्हाई ते मशीनला येतं." आत शहाबादी फरशीवर एक गोल झाडूयंत्र फिरायचं. त्याला उंबरा कळायचा नाही, पसारा सोसायचा नाही आणि केस अडकले की ते किंचाळायचं. म्हणून मालनकाकू आधी सगळं घर झाडून घ्यायच्या आणि मग यंत्र सोडायच्या. नाना व्हिडिओ काढायचे. व्हिडिओत फरशी चकाचक दिसायची, हे खरंच आहे.

पण यंत्रं ही झाली धाकटी पाती. घरातला खरा कर्ता पुरुष म्हणजे 'आपला एआय'. नाना त्याच्याबद्दल एखाद्या कलेक्टर झालेल्या भाच्यासारखं बोलायचे. सकाळी उठून त्याला पाऊस विचारायचे, दुपारी गुडघ्याचं औषध आणि संध्याकाळी राजकारण. भेटेल त्याला एकच भविष्य सांगायचे, "तुमची नोकरी गेली, धरून चाला." मला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, दाढी करता करता न्हाव्याला सांगितलं. त्यानं वस्तरा गळ्याशी असताना हे ऐकून घेतलं, हा त्याचा मोठेपणा. फक्त रिटायर माणसाची नोकरी एआयला घेता येत नाही, याचं नानांना फार समाधान होतं.

एकदा त्यांनी एआयकडून 'माझी शाळा' असा निबंध लिहून घेतला आणि तपासायला माझ्याकडे आणला. निबंधात शाळेपुढे निळाशार समुद्र होता. देवळालीला समुद्र आणायला प्रवरेलाही अजून जमलेलं नाही. मी दहापैकी चार मार्क दिले. नाना घरी गेले, माझे मार्क त्यालाच दाखवले आणि तासाभरानं परत येऊन म्हणाले, "मॅडम, तो म्हणतो आठ तरी पायजे हुते. पण तो तुमच्यावर रागावला न्हाई. म्हणाला, मॅडमचाबी मुद्दा बरोबर हाय." आता जो स्वतःच्या निबंधाला आठ देतो आणि माझ्या चारालाही बरोबर म्हणतो, त्याला राजकारणात पाठवा, शाळेत नको, असं मी म्हणाले. ते नानांना ऐकू गेलं नाही.

नानांना काहीच ऐकू जात नव्हतं, पण दोष कायम दुसऱ्याचा असायचा. फोनचा माईक भिकार. टीव्हीचा स्पीकर चायनाचा. माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. मी शिक्षिका असून माझे उच्चार खालच्या पट्टीतले. शनिवारी संध्याकाळी माझ्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून ते सिनेमा दाखवायचे, तेव्हा तर या तक्रारींना बहर यायचा. भिंत माझी, पण परवानगी मागायची राहूनच गेली होती. सगळी गल्ली सतरंज्या टाकून बसायची. स्पीकर एवढा मोठा, की हिरो दार आपटायचा आणि माझ्या कपाटातली भांडी हलायची.

"हल्लीच्या पिच्चरचं साउंड मिक्सिंग गचाळ," नाना सांगायचे. "पैलेचे व्हिलन कसे, हासले की कोल्हारपत्तोर आवाज. आताचा हिरो नुसता पुटपुटतो. त्याला वाटतं पुटपुटलं की ॲक्टिंग हुती." दरवेळी स्पीकर बदलायचे. नवा आला की दोन दिवस तो जगात एक नंबर असायचा, तिसऱ्या दिवशी त्याचाही बास बिघडायचा.

एकदा एका सिनेमात शेवटी नायिका हॉस्पिटलमध्ये नवऱ्याच्या कानाशी वाकून काहीतरी हळूच म्हणते. अख्खी गल्ली पदर आणि रुमाल शोधायला लागली. त्या शांततेत नाना खणखणीत आवाजात म्हणाले, "हिचा माईक बंद हाय." सगळे हसले. मालनकाकू माझ्या शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "माझाबी बंदच हाय." इतकं हळू म्हणाल्या, की त्यांचा खरा आवाज कसा आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ऐकायचं मशीन घेऊन पाहिलं नव्हतं असं नाही. नाशिकच्या मुलीनं, सुरेखानं, मागेच आणलं होतं. कानामागं अडकवायचं, कातडीच्या रंगाचं. नानांनी ते चिमटीत धरलं आणि विचारलं, "ब्लूटूथ हाय का ह्यात?" नव्हतं. "ॲप?" नव्हतं. "मग हे म्हाताऱ्यांना दे," असं म्हणून त्यांनी ते देवाच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. ज्या माणसानं झोप मोजायला मनगटात पट्टा बांधला होता, पावलं मोजायला बुटात चिप घातली होती, त्यानं गरजेचं तेवढं एकच यंत्र घरात नको म्हटलं. कारण ते लावलं की माणूस म्हातारा ठरतो.

इथवरचं सगळं मी माहेरी गेले की नकला करून सांगायचे. पुढचं कधी सांगितलं नाही.

एका दुपारी मालनकाकू वाटीत खरवस घेऊन आल्या. आल्या आणि दार लोटून घेतलं. आमच्या गल्लीत दिवसा कुणी दार लोटत नाही. वाटी माझ्या हातात दिली, खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मला गाठ लागतीय. हितं." त्यांनी पदरावरून डाव्या बाजूला हात ठेवला. "लई दिवस झाले. दुखत न्हाई. दुखत न्हाई म्हणूनच भ्या वाटतं."

मी घाबरले. लगेच उठले, म्हटलं आत्ता डॉक्टरकडे जाऊ.

"जाऊ. पण आधी ह्यांना सांगायचं हाय."

"मग सांगा ना काकू, अजून सांगितलं नाही?"

"कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "टॉवेल खुंटीवर हाय ते वरडून सांगता येतं. हे वरडून सांगू? सगळी गल्ली ओट्यावर यील. दुधवाला इलाज सांगंल."

मग शिक्षकी स्वभावानं मार्ग सुचवायला लागले. मोबाईलवर लिहून पाठवा म्हटलं. त्या म्हणाल्या, "मेसेज आला की मोबाईलमधली ती बाई स्पीकरवर मोठ्यानं वाचती. ओट्यावरच्या स्पीकरवर. परवा सुरेखानं डोहाळजेवणाचं कळवलं तं आमच्या आधी तलाठीणबाईंनी अभिनंदन केलं." मग कागदावर लिहून द्या. "कागद दिला तं फोटू काढून मशीनला दाखवतील, बघू हिचं अक्षर वाचता येतं का म्हणून. आन मग ती बाई हायेच वाचायला." मी म्हटलं, मी सांगू का? त्यावर त्या हसल्याच. "तुमालाबी वरडूनच सांगावं लागंल की."

सुरेखाला तरी कळवू, असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. "ती रडत यील. ह्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळंल. लगीन झाल्यापून माझी गोष्ट ह्यांना दुसऱ्यानं सांगितली न्हाई. मला एकदा, नुसतं एकदा, हळू बोलायचं हाय ह्यांच्याशी."

ते ऐकून मला नानांचा असा संताप आला, की समोर असते तर त्यांच्या त्या फाटकावरच्या कॅमेऱ्यावर मी दगड घातला असता. मी काकूंना म्हटलं, या रविवारपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर सोमवारी मी तुम्हाला नगरला घेऊन जाणार, मग नानांना जे कळायचं ते कळो.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी बसस्टँडजवळच्या अल्ताफच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. नानांची निम्मी यंत्रं अल्ताफकडची आणि उरलेल्या निम्म्या यंत्रांची दुरुस्तीही त्याच्याकडेच. काकूंनी त्याला गाठीचं सांगितलं नाही. ह्यांना ऐकू यावं एवढंच सांगितलं.

"काकू, मशीन म्हटलं की काका फेकून देत्यात," अल्ताफ म्हणाला. "मागं सुरेखाताईनं आणलेलं मला दाखवत हुते. म्हणले, ह्याचे सुटे पार्ट घेतो का?"

"मग मशीन म्हणू नको," काकू म्हणाल्या. "बाजारात अजून आलं न्हाई म्हण."

अल्ताफ मलाच म्हणाला, "मॅडम, धंदा ह्यांनी करायला पायजे हुता." पुण्याच्या कुणा ओळखीच्याकडून त्यानं कानात बसणारं, काळं, चकचकीत मशीन मागवलं. दिसायला गाणी ऐकायच्या इअरबडसारखं. कान तपासायचं ॲप त्यातच होतं. मूळचा खोका त्यानं काढून टाकला आणि दुसऱ्या एका भारी काळ्या खोक्यात ते बसवलं.

रविवारी सकाळी नानांच्या ओट्यावर तो खोका उघडण्याचा समारंभ झाला. नानांची खोका उघडायची रीत ठरलेली होती. आधी चष्मा पुसायचा, मग चष्म्याच्या फडक्यानं खोका पुसायचा. चारी बाजू वाचायच्या, वाचण्यासारखं काही नसलं तरी. मोबाईल तीन पायांच्या स्टँडवर लावून "नमस्कार मित्रांनो" म्हणायचं. हे मित्र म्हणजे ओट्यासमोर उभे असलेले आम्हीच. तलाठीभाऊसाहेब होते, त्यांची बायको होती, दुधवाला किटली टेकवून थांबला होता. मालनकाकू दारात चौकट धरून उभ्या होत्या.

"काका, हे एआयवालं हाय," अल्ताफ त्यांच्या कानाशी जाऊन ओरडला. "पैले आपला कान वळखतं. टिंग वाजलं की बटन दाबायचं."

नाना मांडी घालून, डोळे मिटून बसले. हातात अल्ताफचा मोबाईल. बऱ्याच वेळानं एकदा बटण दाबायचे, पुन्हा समाधी. एकदा तर इतका वेळ गेला, की दुधवाल्याला वाटलं नाना झोपले. शेवटी अल्ताफच्या मोबाईलवर आकडे आले. त्यानं ते पाहिले आणि त्याचं तोंड उतरलं.

"किती?" नानांनी विचारलं.

"उजवा पासष्ट." अल्ताफनं मोबाईल स्वतःकडे वळवून धरला. "डावा सत्तर."

"शंभरातले?"

अल्ताफनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं.

"तसंच समजा, काका."

"फर्स्ट क्लास," नाना मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. "मित्रांनो, पैल्याच ट्रायला सत्तर. ह्या वयात."

एवढ्यावर थांबले असते तर ते नाना कसले. सगळ्यांनी परीक्षा द्यायची असं ठरलं. रबरी बोंडं बदलून बदलून अल्ताफनं एकेकाला बसवलं. मला आले पंधरा. नानांनी माझ्याकडे इतक्या करुणेनं पाहिलं, की मला खरोखरच लाज वाटली. "असू द्या मॅडम," ते म्हणाले, "पण मुलांना कळू देऊ नका." दुधवाल्याला आले दहा, त्याला नाना म्हणाले, "शिकला न्हाईस, त्याचा परिणाम." तलाठीभाऊसाहेबांना तीस आले आणि ते माझ्याकडे वरच्या इयत्तेतून बघायला लागले. त्यांची बायको मात्र तेव्हापासून त्यांच्याशी जरा मोठ्यानं बोलायला लागली, ती बाई हुशार.

मग अल्ताफनं मशीन पुन्हा नानांच्या कानात बसवलं आणि चालू केलं.

नाना दचकले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "हे काय वाजतंय?"

वाजत होता त्यांचाच इन्व्हर्टर. लोड जास्त झाल्याचं गेली कित्येक वर्षं टीं टीं करून सांगत होता. आम्ही त्याला रातकिडा समजून सोडून दिलं होतं. मग पंख्याची करकर ऐकू आली, आत कुकर फुसफुसत होता तो ऐकू आला. फाटकावरची बाई "समोर सहा व्यक्ती आहेत" म्हणाली तसे नाना अर्धे उठलेच. इतकी वर्षं घरभर मांडून ठेवलेला संसार त्यांच्या कानात एकदम बोलायला लागला आणि तो सगळा तक्रारीच करत होता.

नानांनी थोडा वेळ सोसलं. मग दोन्ही बोंडं काढली, खोक्यात ठेवली आणि कॅमेऱ्याकडे वळले. "मित्रांनो, डिझाइन चांगलं. पण बॅकग्राउंड नॉइज लई. कंपनीनं बाजारात आणलं न्हाई ते बरं केलं. दोन स्टार."

अल्ताफ मटकन पायरीवर बसला. मी काकूंकडे बघायचं टाळलं. उद्या सोमवार, आता मीच काकूंना घेऊन जायचं, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

मालनकाकू दारातून बाहेर आल्या. हात ओले होते, ते पदराला पुसले. खाली बसल्या, खोका उघडला आणि एकेक बोंड नवऱ्याच्या कानात घातलं. चारचौघांत, दिवसाउजेडी, नवऱ्याच्या गालाला हात लावून. आमच्याकडे ह्या वयाच्या बायका असं करत नाहीत. नाना इतके चकित झाले, की त्यांनी कान पुढे केला. काकू त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

काय म्हणाल्या ते कुणालाच ऐकू आलं नाही. तलाठीणबाई दोन पावलं पुढे सरकल्या, तरी नाही.

नानांचा चेहरा मी पाहिला. खोका उघडतानाचं हसू अजून तोंडावरच होतं, आणि ते तिथंच वाळत गेलं.

"कधीपून?" ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच, गल्लीभर.

काकू हळू काहीतरी म्हणाल्या.

"दुखतं का?"

काकूंनी नाही म्हणून मान हलवली.

"आन मला आत्ता सांगती?"

यावर काकू पुष्कळ वेळ बोलल्या. मान खाली, हात मांडीत, एका लयीत. संवाद ऐकायला चटावलेल्या आमच्या गल्लीला त्या दिवशी फक्त नानांचीच बाजू मिळाली. काकूंची त्या दोघांत राहिली. नाना ऐकत होते. त्या बोलायच्या थांबल्या तसे ते उठले, स्टँडवरचा मोबाईल बंद केला आणि म्हणाले, "चल, पिशवी भर." दुधवाल्यानं किटली उचलली.

ते नगरला गेले. गाठ चांगली नव्हती, पण पसरलेली नव्हती. ऑपरेशन करायचं ठरलं.

मी भेटायला गेले तेव्हा नाना दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसले होते. दोन्ही कानांत मशीन, त्याचा बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता. मला वाटलं आता एक्स-रेच्या मशीनबद्दल व्याख्यान होणार. पण ते गप्प होते. गप्प नाना मी कधी पाहिले नव्हते.

"मॅडम, सत्तर म्हंजे काय ते मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "त्याच सांजच्याला शोधून पायलं. जितका आकडा मोठा तितका माणूस बहिरा."

मी विचारलं, "मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? तिनं एवढं जमवून आणलं. अल्ताफनं खोका बदलला. तुमी पंधरा मार्कावर पास झाला तरी गप बसला." ते जरासे हसले आणि लगेच हसायचे थांबले. "महिनाभर म्हणे हळू आवाजात सांगून बघत हुती. स्वैपाकघरातून, जेवताना, पिच्चर चालू असताना. मी साउंड मिक्सिंगला शिव्या देत बसलो."

मला त्यांचा राग येत राहावा अशी माझी इच्छा होती. तो राहिला नाही. मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, एआय काय म्हणतो?

"इचारलं ना. लई बोलला. आदबीनं बोलला. पण त्याला काय जातंय बोलायला, त्याची कुठं बायको आत झोपलीय." एवढ्यात डॉक्टर बाहेर आले. म्हातारा माणूस बघून त्यांनी सवयीनं आवाज चढवला. नानांनी हात वर करून त्यांना थांबवलं. म्हणाले, "हळू बोला साहेब. मला ऐकू येतं. तिला झोप लागलीय."

काकू बऱ्या होऊन परत आल्या. वाळल्या होत्या, डोक्यावरून पदर घट्ट असायचा, पण चालत होत्या, आणि मुख्य म्हणजे बोलत होत्या. नाना सुधारले असं मात्र मी म्हणणार नाही. पुढच्याच महिन्यात त्यांनी कुंडीतल्या तुळशीला पाणी कमी पडलं की मोबाईलवर कळवणारं एक यंत्र आणलं. ती तुळस काकू रोज पहाटे पाणी घालून पुजायच्या, त्यामुळे ते यंत्र जन्मापासून मुकंच राहिलं. कानातल्या मशीनला ते अजूनही 'एआयचं' म्हणायचे आणि आम्ही कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही. अल्ताफच्या दुकानात मात्र आसपासच्या गावांतले म्हातारे येऊन दबक्या आवाजात विचारायला लागले, ते बाजारात न आलेलं तुमच्याकडं मिळतं का.

हाल झाले ते गल्लीचे. नानांच्या घरातलं काही म्हणजे काही कळेना. भाजी कोणती, पाहुणा कोण, सुरेखाला मुलगा झाला की मुलगी, हे आता घरी जाऊन विचारावं लागायचं. नानांनी इन्व्हर्टर दुरुस्त केला, फाटकावरच्या बाईला मुकी केली, मेसेज वाचणारीलाही रजा दिली. शनिवारचा सिनेमा चालू राहिला, पण आवाज इतका कमी, की मागच्या सतरंजीवरून ओरड व्हायला लागली. तलाठीणबाई एकदा कुरकुरल्या, "पैले कसं बरं हुतं, सगळं कळायचं. आता नुसतं कुजबुज कुजबुज. ह्या वयात काय येवढं बोलत्यात?" मी म्हटलं, मला काय माहीत. माझीही तीच तक्रार होती, फक्त मी शिक्षिका असल्यामुळे ती बोलून दाखवत नव्हते.

पुढे माझी तिसगावच्या शाळेत बदली झाली. निघायच्या संध्याकाळी सामान टेम्पोत चढलं होतं आणि मी शेवटची खिडकी लावायला गेले. समोरच्या ओट्यावर दोघं बसले होते. मधे शेंगांचं ताट. काकू काहीतरी सांगत होत्या, हातवारे करून, मधेच डोळे मोठे करून. बहुतेक कुणाची तरी नक्कल चालली होती. नाना मान तिरपी करून ऐकत होते आणि सोललेला दाणा हातातच राहिला होता.

मी खिडकी लावली नाही. दोन्ही गजांच्या मधे तोंड घालून, श्वास धरून उभी राहिले. एक शब्द कळेल तर शपथ.

तेवढ्यात नानांनी वर पाहिलं. त्यांना मी दिसले. आता नेहमीसारखं गल्लीभर विचारतील, अपडेट केलं का, म्हणून मी हसायच्या तयारीत होते. त्यांनी नुसता हात हलवला. मग काकूंकडे वळले, तोंडावर हात आडवा धरला आणि त्यांच्या कानात हळूच काहीतरी बोलले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

नाना काय म्हणाले, ते मला आजतागायत कळलेलं नाही.